टाळू

एकोणीस उन्हाळे मी या हायवेवर उभी आहे,
काठीला लावलेली अष्टकोनी पाटी घेऊन.
एका अंगाला थांबा, दुसऱ्या अंगाला हळू.
एवढ्या दोन शब्दांवर घर चालवलं,
पोराचे वाकडे दात सरळ करून घेतले.

सस्कॅचेवानचा रस्ता म्हणजे फुटपट्टी.
समोरून येणारी गाडी आधी नुसता ठिपका असते,
मग काच, मग टप, मग आत माणूस.
मी नारिंगी, डोक्यापासून बुटांपर्यंत.
मागे कॅनोलाचं पिवळं रान, मैलोगणती,
आडोसा म्हणून एक झुडूप नाही.
आणि तरीही.

काय काय नाही पाहिलं.
अंडं सोलणारा.
स्टिअरिंगवर कादंबरी उघडून ठेवलेली बाई,
पान उलटायला बोट जिभेला लावत होती.
मांडीवर कुत्रं घेऊन त्याच्याशीच भांडणारा म्हातारा.
एकीच्या गाडीत गांधीलमाशी शिरली होती,
तिला मी माफ केलं.

फोनवाल्यांचं तसं नाही.
त्यांचे चेहरे मला दिसतच नाहीत.
दिसते ती टाळू.
भांग, टक्कल, टोपीचं बटण,
उडालेल्या रंगाखालची पांढरी मुळं.
शंभराच्या वेगाने एक वाकलेली टाळू माझ्याकडे येते
आणि मला माझा ब्रेंट आठवतो, महिन्याचा असतानाचा,
त्याच्या डोक्यावर ठेवलेला माझा तळवा,
खाली धडधडणारं काहीतरी, हाड नसलेलं.
नर्स म्हणाली होती, दीड वर्षात भरून येईल.
येते का खरंच?

वेंडल ओस्टाफिचुकला उडवलं ते जुलैत,
भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर.
तो कोन मांडत होता, अठ्ठाविसावा.
पोरगा बावीस वर्षांचा. बहिणीने विचारलं होतं,
पाव कुठले आणू, लांबट की गोल?
त्याने गोल लिहिलं.
पाठवलंसुद्धा.

वेंडल मेला नाही. कमरेत पोलाद आहे,
ते रेडिओच्या आधी थंडीची वर्दी देतं, असं तोच सांगतो,
आणि कोण कोण हसलं ते बघून ठेवतो.
आता खताच्या दुकानात बसून पावत्या फाडतो.
कोर्टात त्या पोराचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं.
साधंच. मुरमं होती.
मग त्याने मान खाली घातली
आणि मी लगेच ओळखलं.

वर्षातून एकदा हे सगळं मी शाळेत जाऊन सांगते,
व्यायामाच्या हॉलमध्ये, घामट वासात.
मुलं ऐकतात.
मागच्या रांगेत दोन-तीन टाळू.

एक गोष्ट सांगत नाही.
गेल्या ऑगस्टात, कामावरून परतताना,
वेंडलच्या जागेपासून मैलभरही पुढे नव्हते,
शेजारच्या सीटवर फोन थरथरला.
हात गेला. माझाच हात, काठी धरून घट्टे पडलेला.
दाताच्या दवाखान्याचा निरोप: तुमची वेळ मंगळवारी.
वाचला.
वाचून आठवूनही पाहिलं, मंगळवारी आणखी काय आहे.
मान वर केली तर रस्ता तसाच, सरळ,
कडेला बिळांच्या तोंडाशी उभे गोफर, पंजे जोडून.
काही झालं नाही.

काही झालं नाही, एवढंच घेऊन घरी आले.
मधे कुंपणाचे किती खांब गेले, सांगता येणार नाही.
कोणी उभं होतं का, तेही.

आता फोन जेवणाच्या डब्यात असतो,
उरलेल्या सँडविचशेजारी, झाकण लावून.
आतून वाजतो, गांधीलमाशीसारखा.
त्या बाईने तेव्हा चारही काचा उतरवल्या होत्या.
माशी कधीच निघून गेली,
ती मात्र गाडी बाजूला घेऊन
बराच वेळ बसून होती.